गोठ्याचा आराखडा आणि संगणक : साधे साधनच पुरे

शेतीच्या सुधारणेविषयी बोलताना बियाणे, खते, पाणी व औषधे यांचा आपण जितका विचार करतो, तितका शेतावरील व घरालगतच्या बांधकामाचा करीत नाही. ऊस लावण्यापूर्वी सरीचे अंतर काळजीपूर्वक ठरविणारा शेतकरी गोठा बांधताना मात्र गवंड्यास नुसती जागा दाखवितो आणि सहा म्हशी बसतील एवढा गोठा काढावयास सांगून मोकळा होतो. सरी चुकली तर पुढील हंगामात ती सुधारता येते. भिंत चुकली तर ती पंचवीस वर्षे डोळ्यांसमोर उभी राहते. म्हणून बांधकामापूर्वी कागदावर आराखडा काढावा, हे मत काही नवे नाही. नवा प्रश्न एवढाच की, तो आराखडा आता संगणकावर काढावयाचा झाल्यास कोणते साधन घ्यावे व त्यावर किती पैसा खर्च करावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांकडून व शेतकरी बंधूंकडून हा प्रश्न वारंवार विचारला जातो, आणि त्यास मिळणारी उत्तरे पुष्कळदा विक्रेत्यांकडून आलेली असतात. त्यामुळे या विषयावर स्पष्ट मत मांडणे अगत्याचे वाटते.

कोल्हापूरहून गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कळंबा हे गाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. बाहेरच्या माणसास कळंबा म्हटले की तलाव आठवतो, नाही तर मध्यवर्ती कारागृह. परंतु शेतीखात्याच्या माणसास तेथे दुसरेच चित्र दिसते. शहर गावाच्या दारात येऊन ठेपले आहे, उसाच्या रानांचे भूखंड पडले आहेत, आणि तरीही दारची म्हैस सुटलेली नाही. दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध घालणारी घरे आता दोन नव्या इमारतींच्या मधल्या अरुंद जागेत गोठा करू पाहतात. पूर्वी ऐसपैस परड्यात गोठा चार हात इकडे-तिकडे झाला तरी बिघडत नसे. आज ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे एक गुंठा जागेत घर, गोठा, वैरणीची खोली व शेणाचा खड्डा बसवावयाचा असतो. एका बाजूस शेजाऱ्याची खिडकी असते आणि सांडपाणी तलावाच्या बाजूस उतरू द्यावयाचे नसते. अशा जागी अंदाजाने बांधलेला गोठा हा नुकसानीचाच सौदा होय.

हे नुकसान कसे होते ते एका हिशेबाने पाहू. २०२१ च्या शासन निर्णयाने शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेखाली गोठ्याचे जे माप दिले गेले, ते लांबी ७.७ मीटर व रुंदी ३.५ मीटर, म्हणजे २६.९५ चौरस मीटर असे होते. त्यासोबत २५० लिटरचे मूत्रसंचय टाके व जनावरांच्या पाण्यासाठी २०० लिटरची टाकी होती. हे माप विचारपूर्वक घेतलेले आहे. एका म्हशीस छपराखाली सुमारे ४ चौरस मीटर जागा लागते असे मानले जाते. त्या हिशेबाने सहा म्हशींना २४ चौरस मीटर हवेत, आणि आत २६.९५ मिळतात. आता गवंड्याने हेच माप भिंतीच्या बाहेरून धरले असे समजा. चारी बाजूंस ९ इंची, म्हणजे २३ सेंटीमीटर जाडीची अर्धभिंत घेतली, तर आतली लांबी ७.२४ मीटर व रुंदी ३.०४ मीटर राहते. क्षेत्र भरते २२ चौरस मीटर. जवळजवळ पाच चौरस मीटर भिंतींनी खाल्ले आणि सहाव्या म्हशीची जागा गेली.

क्षेत्रफळापेक्षाही रुंदीचा घाटा अधिक बाधक असतो. एका ओळीच्या गोठ्यात गव्हाणीस ६० सेंटीमीटर, जनावर उभे राहण्यास १.७० मीटर आणि मागील शेणमूत्राच्या नालीस ३० सेंटीमीटर धरले, तर २.६० मीटर होतात. आतली रुंदी ३.५ मीटर असेल तर जनावरांच्या मागे ९० सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फुटांची वाट मिळते. तीच रुंदी ३.०४ मीटर झाली की वाट उरते ४४ सेंटीमीटर, दीड फुटाहूनही कमी. शेणाची पाटी घेऊन त्या वाटेने जावयाचे कोणी? आपल्या जिल्ह्यात हे काम बहुतेक घरच्या बायकाच करतात. गवंडी घरी जातो, अनुदानाचा हप्ता जमा होतो, तपासणी होते, आणि ती बाई मात्र पुढील पंचवीस वर्षे दिवसातून दोन वेळा म्हशीच्या पाठीमागून अंग चोरून जात राहते. लाथ बसली तर दोष म्हशीला दिला जातो.

कोणते साधन घ्यावे याचे उत्तर या हिशेबातच आहे. आपल्याला अशी संगणकाची आज्ञावली हवी, जिला सर्वजण आता सॉफ्टवेअर म्हणतात, की जी भिंत जाडीसह काढील, आतले माप व बाहेरचे माप वेगळे दाखवील, खोलीचे क्षेत्रफळ आपोआप सांगेल आणि काढलेले चित्र कागदावर नेमक्या प्रमाणात छापून देईल. याहून अधिक काही गोठ्याला, वैरणीच्या खोलीला अथवा दोन खणांच्या घराला लागत नाही. पुलाचे व धरणाचे आराखडे काढणारे यंत्र आपल्या दारी आणून बांधण्याचे कारण नाही. बैलगाडीने होणाऱ्या कामास कोणी मालमोटार भाड्याने घेत नसतो.

तरीही पहिले नाव हटकून निघते ते ऑटोकॅडचे. १९८२ साली निघालेली ही आज्ञावली उत्तम आहे, अभियंत्यांच्या कचेऱ्यांत ती जगभर वापरली जाते, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून आरेखकाचे शिक्षण घेणाऱ्या मुलांनी ती अवश्य शिकावी. परंतु २०१६ पासून ती कायमची विकत मिळत नाही. मुदतीचे भाडे भरून वापरावी लागते, आणि हे भाडे वर्षाला हजारो रुपयांच्या घरात जाते. जो शेतकरी आयुष्यात एक घर व एक गोठा बांधणार, त्याने हा खर्च का करावा? यावर काही मंडळी हळूच सांगतात की, बाजारात फुकट भरून देणारा माणूस आहे. ती चोरटी प्रत असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे अशी प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे, आणि कायद्याची गोष्ट बाजूस ठेवली तरी अशा प्रतीबरोबर संगणकास कीड लागते ती वेगळीच. ग्रामपंचायतीच्या ज्या संगणकावर गावाचे दाखले व नोंदी असतात, त्यावर असले काही चढविणे म्हणजे बियाण्याच्या कणगीत किडके धान्य ओतण्यासारखे आहे. कार्यकर्त्यांनी या बाबतीत स्वतः नकार द्यावा आणि शेतकऱ्यासही परावृत्त करावे.

माझ्या मते आपल्या कामास सर्वांत सोयीची आज्ञावली स्वीट होम थ्रीडी ही होय. ती २००६ पासून उपलब्ध आहे, मुक्त परवान्याची आहे आणि तिच्या मूळ संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येते. मात्र एक सावधगिरी बाळगावी. काही दुकानवजा ठिकाणी तीच आज्ञावली जादा चित्रांच्या साठ्यासह पैसे घेऊन दिली जाते. आपणांस त्या जादा चित्रांची गरज नाही. एकदा संगणकात बसविल्यावर तिला इंटरनेट लागत नाही, ही खेड्यातील कामाच्या दृष्टीने मोठीच सोय आहे. विंडोज असो वा लिनक्स, दोन्हींवर ती चालते, आणि साधा घरगुती संगणक तिला पुरतो.

तिची रीत अशी की, पडद्याच्या एका भागात जमिनीचा आराखडा काढावयाचा आणि दुसऱ्या भागात तेच बांधकाम उभे राहिलेले आपोआप दिसते. आराखडा वाचण्याची सवय नसलेल्या माणसास या दुसऱ्या चित्राचा फार उपयोग होतो. एरव्ही कागदावरील दोन समांतर रेघा म्हणजे भिंत, हे समजावून सांगण्यातच अर्धा तास जातो. सुरुवातीस काही गोष्टी मात्र आपल्याकडील रीतीप्रमाणे बदलून घ्याव्या लागतात. मोजमाप मीटरमध्ये हवे की फूट-इंचांत, हे प्रथम ठरवावे. गवंड्याचा हात फुटांत चालत असेल तर फूटच ठेवावे, आणि कचेरीत द्यावयाच्या प्रतीवर मीटर लिहावेत. भिंतीची मूळ जाडी आपल्या विटेच्या भिंतीहून पुष्कळ पातळ ठेवलेली असते. ती ९ इंच किंवा साडेचार इंच अशी बदलल्यावाचून पुढे जाऊ नये. वर सांगितलेला सारा घोटाळा या एका आकड्यात आहे. खोलीची खूण केली की तिचे क्षेत्रफळ तेथेच लिहून येते. जुने घर असेल आणि त्याचा हाताने काढलेला नकाशा असेल, तर त्याचे छायाचित्र खाली अंथरून त्यावर नव्या भिंती ओढता येतात.

यात गंमत एवढीच की, सामानाच्या साठ्यात सोफे, पलंग व न्हाणीघरातील टब यांची रेलचेल आहे, आणि गव्हाणीचे नाव नाही. परदेशातील घरांसाठी केलेल्या वस्तूत हे चालावयाचेच. एक साधी चौकोनी पेटी घेऊन तिला गव्हाणीची लांबी, रुंदी व उंची दिली की काम भागते. त्याच पेटीला १.७० मीटर लांब व सव्वा मीटर रुंद केले की एका म्हशीची उभी राहण्याची जागा झाली. अशा सहा पेट्या ओळीने मांडून पाहाव्यात. बसल्या तर गोठा बसला. न बसल्यास पडद्यावरची भिंत हलविण्यास एक दमडीही पडत नाही.

ज्यांना सरळ रेघांचे तांत्रिक चित्र काढण्याची सवय आहे, अशा कार्यकर्त्यांसाठी लिबरकॅड ही विनामूल्य आज्ञावली आहे. ती सपाट आराखड्यापुरतीच आहे आणि अभियंत्याकडे पाठविण्याजोगी फाइल तयार करते. क्यूकॅडची सामान्य आवृत्तीही त्याच जातीची व विनामूल्य आहे. परंतु दोन्ही शिकावयास आठ-पंधरा दिवसांची चिकाटी लागते, आणि नवशिक्यास त्या देऊन नाउमेद करू नये. लिबरऑफिसमधील ड्रॉ हे साधन बहुतेकांना माहीत नसते. पत्रे लिहिण्यासाठी लिबरऑफिस घेतले असेल तर ते आधीच संगणकात आलेले असते. चौकोन काढून त्यांवर मराठीत नावे लिहिणे एवढेच करावयाचे असेल तर त्यावरही निभावते.

इंटरनेटवर चालणाऱ्या साधनांविषयी माझे मत तितकेसे अनुकूल नाही. फ्लोअरप्लॅनरसारखी साधने दिसावयास सुबक आहेत व त्यांत थोडेफार काम फुकट करता येते. परंतु चांगली प्रत हवी झाली की पैसे मागितले जातात, आणि रेंज गेली की काम थांबते. शिवाय फुकट म्हणून मिळालेली वस्तू उद्या तशीच राहील याचा भरवसा नसतो. स्केचअपचे उदाहरण घ्यावे. ही आज्ञावली २००६ मध्ये गूगलने घेतली, २०१२ मध्ये ती ट्रिंबल या कंपनीकडे गेली, आणि संगणकात बसवून वापरण्याची तिची विनामूल्य आवृत्ती २०१७ नंतर नव्याने निघाली नाही. फुकट वापर इंटरनेटवरील आवृत्तीपुरता उरला. ज्यांनी वर्षानुवर्षे त्यावर हात बसविला होता, त्यांची यात अडचण झाली. मुक्त परवान्याच्या आज्ञावलीची गोष्ट निराळी आहे. आज घेतलेली प्रत आपल्या संगणकात आपलीच राहते, ती शेजाऱ्यास दिली तरी गुन्हा होत नाही.

आता मापाविषयी. संगणक बरोबर बेरीज करतो, परंतु त्यास दिलेले माप चुकीचे असेल तर तो चूकच नीटनेटकी करून दाखवितो. मोबाईलचा कॅमेरा भिंतीवर धरून लांबी सांगणारी साधने निघाली आहेत; खोलीत पलंग बसेल की नाही हे पाहण्यास ती ठीक, पाया आखण्यास नव्हेत. ३० मीटरची फीत घ्यावी, दोघांनी ताणून धरावी, आणि जागेच्या चार बाजूंबरोबर दोन्ही कर्णही मोजावेत. हे कर्ण मोजण्याचे काम लोक हमखास टाळतात. समोरासमोरच्या बाजू सारख्या असूनही कर्ण सारखे नसतील तर जागा काटकोनात नाही असे समजावे. गावठाणातील व शहरालगतच्या तुकड्यांतील कित्येक जागा अशाच तिरक्या असतात. पडद्यावर मात्र नवशिक्या माणूस सारे कोपरे काटकोनात काढतो, आणि मग पाया आखताना एक कोपरा शेजाऱ्याच्या हद्दीत जातो. आपला गवंडी गुण्या लावतो, तीन-चार-पाचचा दोरीचा त्रिकोण धरतो. ती त्याची विद्या संगणकामुळे जुनी झालेली नाही. त्याला आराखडा दाखवून त्याचे मत घेण्यात कमीपणा मानू नये.

सपाट आराखड्यात काही गोष्टी दिसतच नाहीत, त्या शब्दांत लिहाव्या लागतात. गोठ्याच्या जमिनीस नालीकडे ४० ते ६० स एक असा उतार असावा; १.७० मीटरच्या उभ्या जागेत ४० स एक धरला तर तो सव्वाचार सेंटीमीटर होतो. हा आकडा बाणासह आराखड्यावर लिहिला नाही, तर गवंडी डोळ्याने उतार देतो आणि मूत्र गव्हाणीखाली साचते. मूत्राची टाकी कोणत्या कोपऱ्यात व नाली कोठून कोठे जाते, तेही दाखवावे. जोत्याची उंची ही तशीच बाब. कळंब्यास पंचगंगेच्या पुराची धास्ती नसेल, परंतु याच करवीर तालुक्यातील आंबेवाडी व प्रयाग चिखली या गावांनी २०१९ व २०२१ चे महापूर सोसले. तेथे काढलेल्या आराखड्यावर पुराच्या पाण्याची खूण व जोत्याची उंची लिहिली नसेल, तर तो कागद अपुरा होय. उत्तर दिशा तर दाखवावीच, कारण गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली असता उन्हाळ्यात दुपारचे ऊन आत कमी शिरते.

अभियंत्यांचे काम शेतकऱ्याने व शेतीखात्याने का करावे, असा आक्षेप काही सहकारी घेतात. आक्षेपात तथ्य आहे, पण थोडे. घरावर मजला चढवावयाचा असेल, स्लॅब ओतावयाचा असेल, तर लोखंड किती व खांब किती हे अभियंत्यानेच ठरवावे. आमच्या आराखड्याने त्याचा विचार होत नाही आणि होऊ नये. बांधकामाच्या परवानगीचेही तसेच. कोल्हापूर शहरालगतच्या ४२ गावांसाठी २०१७ साली नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले होते, हे पुष्कळांच्या गावी नसते. शहराच्या कडेला राहणाऱ्या शेतकऱ्याने आपल्या जागेस कोणाची परवानगी लागते याची ग्रामपंचायतीत आधी चौकशी करावी व मगच फीत हातात घ्यावी. परंतु जो शेतकरी स्वतः काढलेला आराखडा घेऊन अभियंत्याकडे जातो, तो आपणांस काय हवे ते सांगू शकतो. रिकाम्या हाताने जाणाऱ्यास दुसऱ्या कोणासाठी काढलेला नकाशा नाव बदलून मिळतो, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

खात्याकडूनही एक अपेक्षा आहे. दोन, चार व सहा जनावरांच्या गोठ्यांचे तयार आराखडे स्वीट होमच्या फाइलींच्या रूपाने प्रत्येक पंचायतीच्या संगणकात असावेत. छापील नमुना भिंतीवर टांगला की तो बदलता येत नाही. फाइल उघडून त्यात आपल्या जागेची मापे घालता येतात. यासाठी मोठ्या प्रशिक्षणवर्गाची जरुरी नाही. गावातील एखादा दहावी-बारावी झालेला मुलगा अथवा मुलगी दोन दुपारींत हे शिकते. शेजारी घरची धारा काढणारी बाई बसवावी आणि भिंत कोठे हवी ते तिला विचारावे. पाण्याची टाकी, वैरण ठेवण्याची बाजू, पारडू बांधण्याची जागा याबद्दल तिला जे माहीत असते, ते आमच्या पुस्तकांत नसते. ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांनी आलेखाचा कागद घ्यावा, एका चौकटीस अर्धा फूट धरावा व पेन्सिलीने आराखडा काढावा. वरील सर्व नियम त्यासही लागू पडतात, आणि पहिला कच्चा आराखडा संगणक असलेल्यांनीसुद्धा असाच काढलेला बरा.

छपाईच्या वेळी ५० स एक हे प्रमाण ठेवावे. बाहेरून ८.१६ मीटर गुणिले ३.९६ मीटर होणारा वरील गोठा त्या प्रमाणात १६.३ गुणिले ७.९ सेंटीमीटर होतो व नेहमीच्या ए-फोर कागदावर मापे लिहिण्यास जागा ठेवून बसतो. पूर्ण गुंठ्याचा आराखडा असेल तर १०० स एक घ्यावे. छापताना कागदात बसवून घेण्याचा जो पर्याय यंत्र आपण होऊन सुचविते तो बंद करावा, कारण त्याने प्रमाण बिघडते. छापून झाल्यावर एखाद्या ५ मीटरच्या रेघेवर साधी शाळेची पट्टी ठेवावी. ५० स एक या प्रमाणात ती बरोबर १० सेंटीमीटर भरली पाहिजे. भरली तर तीन प्रती काढून एक गवंड्यास, एक कचेरीत व एक घरी ठेवावी, आणि घरच्या प्रतीवर पाया आखल्याच्या दिवशी प्रत्यक्षात आलेली मापे लाल शाईने लिहावीत.